तुझ्या नावाचं एक ठेवू

मी, सायमा कोस्केला, माहेरची हर्माला, वय एक्याऐंशी, कै. तौनो कोस्केला यांची पत्नी, राहणार फोर्ट ब्रॅगच्या उत्तरेला ओढ्याकाठच्या घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायला दोघे आले होते. त्यांना कॉफी पाजून परत पाठवले.

माझी बुद्धी शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी मागितला नव्हता. माझा थोरला मुलगा वेइको याने माझ्या वकीलबाईंना फोन करून सांगितले की, आईचं हल्ली जरा इकडचं तिकडं होतं. म्हणून दाखला. माझ्या घरात जे इकडचे तिकडे व्हायला निघाले होते, त्याचीच व्यवस्था खालील कलमांत केली आहे.

कलम १. पूर्वीचे मृत्युपत्र

नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी एक मृत्युपत्र केले होते. ते या कागदाने रद्द समजावे.

त्यात ओढ्यापलीकडचा चढ, म्हणजे ज्यावर रेडवूडची जुनी, उंच झाडे उभी आहेत ती चाळीस एकर जमीन, मी दोन्ही मुलांना सामाईक ठेवली होती. अट एकच होती: तिथले कोणतेही झाड तोडायचे तर दोघांच्या सह्या लागतील. याहून भक्कम कुंपण मला सुचले नव्हते. वेइको आणि धाकटा राल्फ एकमेकांशी बोलत नसत. तौनो आजारी पडला तेव्हा त्याची मासेमारीची बोट वेइकोने राल्फला न विचारता विकली, तेव्हापासून. बापाची शवपेटी उचलली तीही एकाने पुढून डावीकडून आणि एकाने मागून उजवीकडून, म्हणजे मान वळली तरी तोंड दिसायला नको. जून अखेरीस आमची फिनलंडकडची मंडळी समुद्रकाठी जाळ करतात. त्या जाळाला हे दोघे दोन बाजूंना उभे राहायचे आणि धूर ज्याच्याकडे जाईल तो लवकर घरी जायचा. आज कोणता वार आहे यावरही त्यांचे एकमत झाले नसते.

आई म्हणून मला त्याचे दुःख होते. पण झाडांपुरती मी निर्धास्त होते. ही माझी चूक. पैशाची ताकद मी कमी धरली.

कलम २. हे मृत्युपत्र का करावे लागले

ऑगस्टमधल्या एका रविवारी ते दोघे एकाच गाडीतून आले.

मी खिडकीतून पाहिले. आधी वाटले, कोणीतरी मेले. मग वेइकोने राल्फसाठी फाटक धरून ठेवलेले दिसले.

“अशी काय बघतेस?” राल्फ म्हणाला. “मिटलं आमचं.”

“कोणी मिटवलं?”

“आमचं आम्हीच. मोठी झालो ना आता पोरं.”

राल्फ बावन्न वर्षांचा आहे.

मी वेलदोड्याचा पाव कापला. कॉफी ओतली. वेइकोने भांडे सरकवले आणि म्हणाला, “साखर घे रे.” इतक्या वर्षांनी माझ्या एका मुलाने दुसऱ्याला साखर घे म्हटले. मी पाठ वळवून चुलीकडे गेले. तिथे काही काम नव्हते.

परत आले तेव्हा वेइकोच्या अंगठ्याला निळे काही दिसले.

“हे काय लागलंय?”

“रंग.”

“कसला?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. लहानपणी मलई चोरून खाल्ली की असेच पाहायचे.

“झाडांवर नुसत्या खुणा केल्यात, आई,” राल्फ म्हणाला. “लाकडाचा अंदाज काढणारा माणूस नेला होता पलीकडे. अंदाज काढला म्हणजे तोडलं असं होत नाही.”

“लाकूड कंपनी आत्ता देईल तो भाव पुन्हा नाही मिळायचा,” वेइको म्हणाला. “कायदे बदलतायत. उद्या फांदीला हात लावायलाही परवानगी लागेल.”

“मी अजून मेले नाही.”

“तसं कोण म्हणतंय? तुझ्या पश्चातचंच बोलतोय.”

“मग रंगही पश्चात लावायचा होता.”

“आई, ते परत उगवतं गं,” राल्फ म्हणाला. “पाइनसारखं नाही ते. बुंध्यातून फुटतं. मरतच नाही मुळी.”

“फुटतं. तू असशील का बघायला?”

“आत्ताची आहेत ती उगवताना तरी कोणी बघितली होती?”

राल्फचे तोंड लहानपणापासून असेच आहे. त्याला उत्तर द्यावे लागले नाही, कारण तेवढ्यात वेइकोने माझ्या हातावर हात ठेवला. निळा हात. त्याला मनापासून वाटत होते की आता तो मला काहीतरी देणार आहे.

“सगळी नाही तोडणार,” तो म्हणाला. “ओढ्यालगतचं ते सगळ्यात मोठं आहे ना, ते राहू दे. तुझ्या नावाचं एक ठेवू. पितळेची छान पाटी लावू त्याला.”

मी त्यांना उठायला सांगितले.

“पाव तरी संपवू दे,” राल्फ म्हणाला.

पाव बांधून बरोबर दिला.

कलम ३. पितळेची पाटी

कोळशाच्या पेटीवर झाकण म्हणून असलेली पितळेची पाटी वेइकोला द्यावी. त्याला पितळेची हौस आहे. ती कुठून आली हे त्याला माहीत नाही, कारण तो तेव्हा जन्मलेला नव्हता, आणि माझ्या आईने तिच्या हयातीत तो विषय घरात काढू दिला नाही.

माझे वडील काल्ले हर्माला कंपनीसाठी झाडांची अंथरुणे घालत. रेडवूड उभे असते तोवर आगीला दाद देत नाही, किडीला देत नाही. पडताना मात्र काचेसारखे फुटते. तेव्हा पाडण्याआधी त्याच्यासाठी उतारावर फांद्या, माती, बारकी झाडे रचून अंथरूण करावे लागे. कित्येक दिवस माणसे तेच करीत. वडिलांचे अंथरूण इतके नीट असे की झाड त्यावर आडवे व्हायचे आणि साल तडकायची नाही. एके दिवशी वरून सुटलेली फांदी त्यांच्या मानेवर आली. ते पडले तिथे खाली खडक होता.

कंपनीने दुःख व्यक्त केले. मग आमच्या घरामागचा आख्खा चढ तोडला आणि त्यात एक झाड ठेवले. त्याच्या बुंध्यावर ही पाटी ठोकली: काल्ले हर्माला, विश्वासू कामगार. आडनावात एक अक्षर चुकले होते. मॅनेजर टोपी काढून आईला म्हणाला, “बाई, हे यांच्या नावाचं ठेवलंय.” आईला इंग्रजी येत नव्हते. मी भाषांतर केले. चौदा वर्षांची होते. मला अभिमान वाटला होता.

रेडवूडचे मूळ खोल जात नाही. ते आडवे पसरते आणि शेजाऱ्याच्या मुळात मूळ गुंतवून उभे राहते. आजूबाजूचे गेले की धरायला कोणी उरत नाही, आणि समुद्रावरचा वारा सरळ येतो. दुसऱ्या हिवाळ्यात ते झाड पाटीसकट आडवे झाले. त्याला अंथरूण नव्हते. त्याच्या चिरफळ्या आमच्या कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत आल्या.

कंपनीची माणसे आली, त्यांनी फुटलेले बाजूला काढले आणि चांगले होते ते कापून गिरणीत नेले. पाटी एका कारकुनाच्या हाती घरी पाठवली.

एकटे ठेवलेले रेडवूड ठेवलेले नसते. ते फक्त उशिरा पाडलेले असते.

माझ्या मुलांनी ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. तरी कंपनीचे वाक्य त्यांच्या तोंडून शब्दशः बाहेर आले. राग मला त्याचा आहे.

कलम ४. पाणी

हे कलम कशाचीही वाटणी करत नाही. वकीलबाई म्हणाल्या, मग ते काढून टाका. मी ठेवले आहे.

उन्हाळ्यात आमच्याकडे पाऊस नसतो. धुके असते. ते समुद्रावरून येते, या झाडांच्या शेंड्यांत अडकते आणि खाली गळते. जुलैत अंगणात धूळ उडत असते आणि ओढ्यापलीकडे झाडांखाली उभे राहिले तर डोके भिजते. ओढा त्यावर चालतो. कंपनीने तोडलेल्या त्या घरामागच्या चढावर आता झुडपे आणि बुंध्यांभोवती फुटलेल्या काठ्या आहेत, राल्फ म्हणतो तसे सगळे पुन्हा उगवले आहे. तिथला झरा मात्र माझ्या लग्नाआधीच आटला. अजून आलेला नाही.

राल्फचे घर याच ओढ्यावर खालच्या अंगाला आहे. तो हेच पाणी पितो. त्याला वाटते ते नळातून येते.

कलम ५. घर आणि सौना

घर, परस, कोंबड्या आणि भांडीकुंडी माझी नात क्रिस्टी कोस्केला हिला द्यावीत. ती बंदरावर इंजिने दुरुस्त करते आणि गेली तीन वर्षे माझ्याजवळ राहते. तिच्या बापाला, म्हणजे वेइकोला, तिचे काम आवडत नाही. नखे काळी राहतात म्हणतो. त्याची नखे हल्ली निळी असतात.

परसातली सौना, म्हणजे आमची वाफेने अंग शेकायची खोली, तौनोने बांधली. फळ्या रेडवूडच्या आहेत, वादळात पडलेल्या झाडाच्या. या लाकडाला चीक सुटत नाही, अंगाला चिकटत नाही. क्रिस्टीने दर शनिवारी ती तापवावी. बाप आणि काका आले तर त्यांना आत घ्यावे, पण दोघांना एकाच वेळी. एकेकट्यासाठी लाकूड जाळू नये. आत जमिनीच्या भावाविषयी कोणी बोलल्यास तापलेल्या दगडांवर एक बादली जास्तीचे पाणी टाकावे. आपोआप बाहेर येतील.

डोरीन, वेइकोची बायको, हिला माझा काळा कोट द्यावा. ती तो गेली दहा वर्षे फार चांगला आहे असे सांगत आली आहे.

कलम ६. करवत

वडिलांची दोन माणसांनी ओढायची लांब करवत दोन्ही मुलांना मिळून ठेवते. एक मूठ वेइकोची, एक राल्फची. गावातल्या संग्रहालयाने ती मागितली होती. तिथे अशा करवतींशेजारी हसणाऱ्या माणसांचे फोटो असतात. माझे वडील कामावर हसत नसत.

करवतीचे दात क्रिस्टीने माझ्या सांगण्यावरून यंत्रावर घासून काढले आहेत. मुलांनी तिला दोष देऊ नये.

कलम ७. राखण मंडळाविषयी

मुले गेल्यानंतरच्या आठवड्यात मी इथल्या किनारा राखण मंडळाला बोलावले. पीटर ओल्डहॅम नावाचा तरुण आला. भला माणूस आहे. त्याचे बूट फार स्वच्छ होते. तो पलीकडे गेला, मान मागे टाकून वर पाहत राहिला, तिथवर सगळे ठीक होते. परत येऊन त्याने नकाशा उलगडला.

“इथून लाकडी पायवाट नेता येईल,” तो म्हणाला. “इथे गाड्या लावायला जागा. आणि इथे, तोंडाशीच, फलक. सायमा आणि तौनो कोस्केला वन.”

“कशाला?”

“लोकांना कळायला नको? तुमच्या दातृत्वाचं काहीतरी...”

“माझं दातृत्व गाड्यांखाली कशाला घालता? मुळं कुठे आहेत ठाऊक आहे का तुम्हाला?”

“खाली आहेत.”

“किती खाली?”

“ते नाही ठाऊक,” तो म्हणाला. खोटे बोलला नाही, हे त्याच्या बाजूने नमूद करते.

“पण नाव दिलं की लोक मदत करतात, मिसेस कोस्केला. प्रत्येकाला आपल्या माणसाच्या नावाचं एखादं झाड हवं असतं. त्याच्यावर तर आमचं चालतं.”

“माझ्या बापाच्या नावाचं होतं एक. त्याचं लाकूड कुठल्या घरात लागलं ते शोधून देता?”

त्याने नकाशाची घडी घातली. मग कॉफी प्यायला. मग म्हणाला, “बरं. फलक नको. पायवाट नको. मग आम्ही नेमकं काय करायचं?”

“काही करायचं नाही. वर्षातून एकदा येऊन काही झालेलं नाही ना, ते बघायचं.”

“हे मंडळाला समजावणं अवघड आहे.”

“मी बायबल शिकवलंय लहान मुलांना. समजावणं सगळंच अवघड असतं.”

त्याने समजावले. कसे, ते मला माहीत नाही.

कलम ८. ओढ्यापलीकडचा चढ

या चढावरचा तोडीचा हक्क मी आज सकाळी, हे मृत्युपत्र कच्च्यावरून पक्के लिहायला बसण्याआधी, परगण्याच्या कचेरीत नोंदलेल्या दस्ताने कायमचा सोडून दिला आहे. त्या दस्तावर पहारा ठेवण्याचे काम राखण मंडळाकडे आहे. यापुढे जमीन कोणाच्याही मालकीची झाली, विकली गेली, गहाण पडली, तरी तिथले एकही झाड कोणाला पाडता येणार नाही. वाळलेलेही नाही. पडलेलेही उचलायचे नाही. त्यावर पुढची उगवतात. निळा रंग क्रिस्टीने घासून पाहिला, जात नाही. सालीबरोबर आपला आपण जाईल.

मंडळाने कधी तिथे गाडीतळ, पायवाट किंवा नावाचा फलक उभारला, तर त्यांचा पहाऱ्याचा अधिकार संपेल आणि क्रिस्टीने दुसरा पहारेकरी नेमावा. फलक माझ्या नावाचा असो, नवऱ्याच्या, देवाच्या की अध्यक्षांच्या. कोणाच्याच नाही.

माझी राख तिथे नेऊ नये. मी गावच्या दफनभूमीत तौनोशेजारी जाईन, तिथे माझ्या नावाचा दगड आधीच आहे. नावाला तेवढी जागा पुरे.

आता जमिनीची मालकी.

वकीलबाई ग्लोरिया फोंताना यांनी मला एक प्रश्न विचारला, तो इथे लिहिते. त्या म्हणाल्या, “तोडीचा हक्क गेला की त्या जमिनीला भाव राहणार नाही. तुमच्या मुलांचा समेट त्या भावावर झालाय. तो मोडेल. समजतंय ना तुम्हाला?”

“समजतंय.”

“पुन्हा अठरा वर्षं बोलणार नाहीत. आणि या वेळी मध्ये तुम्ही नसाल.”

“म्हणजे मी काय करावं? त्यांना झाडं कापू द्यावीत, ते एकत्र साखर खातील म्हणून?”

“मी नुसतं विचारलं.”

“तुमची फी लावून विचारलंत.”

तिला बोलले त्याचे वाईट वाटते. ती लहान असताना मी तिला मोजे विणून दिले होते. तिथून घरी आले आणि बरेच दिवस कागदाला हात लावला नाही. टेबलावर ते साखरेचे भांडे होते. उचलून ठेववेना.

माझ्यासमोर सोपे मार्ग होते. जमीन मंडळाला देऊन टाकणे. क्रिस्टीला देणे. मुलांची नावे वगळणे. रागाच्या भरात तसा एक कागद मी लिहिलाही आणि सौनाच्या चुलीत घातला. जमीन दुसऱ्याला दिली असती तर दोघांना माझ्याविरुद्ध बोलायला एक विषय मिळाला असता आणि कदाचित त्या विषयावर त्यांचे जमलेही असते. तेही नको. माझ्या विरोधात झालेला समेट मला विकलेल्या झाडाइतकाच महाग वाटतो.

म्हणून मी लिहून ठेवते की ओढ्यापलीकडचा चाळीस एकरांचा चढ, त्यावरच्या सर्व उभ्या आणि आडव्या झाडांसह, माझ्या पश्चात वेइको कोस्केला आणि राल्फ कोस्केला या माझ्या दोन मुलांना समान आणि अविभक्त हक्काने मिळावा. बँकेतली शिल्लक त्या जमिनीचा कर भरण्यासाठी राखून ठेवावी. ती दुसऱ्या कशासाठी वापरता येणार नाही. जमिनीची वाटणी मागता येणार नाही. कराच्या कागदावर दरवर्षी दोघांनी एकाच दिवशी, एकाच टेबलाशी बसून सही करावी. एक आला नाही तर दुसऱ्याने थांबावे.

वेइको, राल्फ, हे तुम्हाला वाचून दाखवतील तेव्हा तुम्ही चिडाल. चिडा. मीही चिडलेलीच आहे आणि मेल्यावरही चिडलेलीच असेन असे धरून चाला. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी नाही म्हणाले, आणि तुम्ही खुणा करून आला होतात. तुम्हाला माझ्याकडून झाडे हवी होती, ती मिळाली. सगळी मिळाली, एकही कमी न करता. त्यातून काढण्यासारखे काही उरलेले नाही. भाव नाही, गिऱ्हाईक नाही, पाटी नाही. जुलैत तिथे गेलात तर डोके भिजेल, एवढेच उत्पन्न.

आता त्या जमिनीवर तुम्ही दोघे आहात आणि भांडायला कारण नाही. एकत्र यायलाही नाही. आता एकमेकांना साखर घे म्हणालात, तर ते मी खरे धरीन.

कलम ९. अंमलबजावणी

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम क्रिस्टी कोस्केला करील. ती लहान आहे असे कोणी म्हणेल. ती समुद्रात बंद पडलेले इंजिन अंधारात चालू करते. या कामात अंधारही नाही.

वरील मजकूर मी लिहिला, मी वाचला, आणि त्यातला एकही शब्द मऊ करण्याची माझी इच्छा नाही. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना करताना पाहिले. त्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. दोघांनी ते आधीच विचारून घेतले.

सही: सायमा कोस्केला

साक्षीदार:
१. मॅन्युएल सिल्वेरा, जळाऊ तेलाचा व्यापारी, शेजारी
२. एलनॉर पिट, टपाल कचेरीतून निवृत्त

ठिकाण: फोर्ट ब्रॅग, मेंडोसिनो परगणा, कॅलिफोर्निया
दिनांक: ११ ऑक्टोबर १९९४